जीपच्या चेसीवरची घरगुती हॉट रॉड: रंग कधी, कुठे आणि परत जोडायची कशी

प्रश्न मिरज तालुक्यातल्या एका तरुणाचा आहे. महिंद्राच्या एमएम ५४० जीपची जुनी चेसी (खालचा सांगाडा) आणि तिचंच प्यूजो डिझेल इंजिन घेऊन त्याने आणि त्याच्या भावाने १९३२ च्या फोर्डच्या धर्तीवर बॉडी घरीच उभी केली आहे. हॉट रॉड म्हणजे जुनी गाडी हलकी आणि वेगवान करून घेतलेली. मडगार्ड नाहीत, छप्पर खाली घेतलेलं, पत्रा वाकवण्यापासून वेल्डिंगपर्यंत सगळं हाताने. आता वेल्डिंग संपलंय आणि त्याला विचारायचंय: गाडी सगळी सुटी करून रंगवायची, की टेप-पेपर लावून जागच्या जागी? घरच्या शेडमध्ये दिवाळीपर्यंत रंग होईल का? अमेरिकेतल्या जुन्या हॉट रॉडसारखी नुसत्या काळ्या प्रायमरवर ठेवली तर चालेल का? आणि परत जोडताना नवा रंग उडू नये म्हणून काय करायचं?

सुटी करूनच रंगवा. पण आत्ता लगेच सुटी करू नका. आधी ती गाडी कोऱ्या पत्र्यावर शेवटच्या स्क्रूपर्यंत जोडा आणि चालवून बघा. काचा, कुलपं, बिजागऱ्या, वायपर, लाइट, डिझेल टाकीचं तोंड, पेडल, वायरिंगची भोकं, सगळं. घरी बनवलेल्या गाडीला कंपनीचं ड्रॉइंग नसतं, त्यामुळे काय कुठे अडतंय हे जोडल्याशिवाय कळत नाही. रंगानंतर एक भोक पाडायची वेळ आली तर ड्रिलच्या कडेने रंगाचा टवका उडतो, आणि उघड्या पडलेल्या त्या गोल कडेतून गंज आत सरकायला लागतो. वेल्डिंगची वेळ आली तर त्याहून वाईट, कारण वीतभर गोलातला रंग जळतो आणि पाठीमागच्या बाजूचाही जळतो, जिथे पुन्हा हात पोचत नाही.

चालवून बघा म्हणतो त्याचं कारण तुमचं डिझेल इंजिन. आयडलला ते जे हादरे देतं, त्याने कच्चं वेल्डिंग पहिल्या काही तासांतच तडकतं. चालकाच्या दाराचा पुढचा खांब, फायरवॉलचे (इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्याचे) कोपरे आणि छप्पर जिथे कापून जोडलं ती जागा, या तीन ठिकाणी भिंग घेऊन बघा. तडा तिथेच जातो. स्टिअरिंग दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून टायर कुठे घासतो ते बघा. इंजिन चांगलं तापू द्या, मग पाणी, ऑइल, डिझेल कुठून पाझरतंय ते बघा. गळणारं डिझेल नव्या रंगाखाली शिरलं तर तो रंग सोलून येतो.

हे सगळं स्वतःच्या रानात किंवा खासगी जागेत करा. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ नोंदणीच्या वेळच्या मूळ रचनेत असा बदल करू देत नाही, आणि पूर्ण बॉडी बदललेली जीप सार्वजनिक रस्त्यावर आणणं त्यात बसत नाही. तुमचा विचार काय आहे ते आधी ठरवा आणि एमएच १० च्या कार्यालयात जाऊन स्पष्ट विचारून घ्या. चेसी नंबर कोरलेल्या जागेवर ग्राइंडर फिरवायचा नाही, लांबी (पत्र्याचे खड्डे भरायची पुट्टी) भरायची नाही, जाड रंग द्यायचा नाही. नंबर कायम वाचता आला पाहिजे.

कोऱ्या जोडणीत सगळ्यात जास्त वेळ दारांच्या फटीला द्या. कंपनीच्या रंगाची जाडी साधारण १०० ते १५० मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग) असते. घरच्या कामात एपॉक्सी (गंज रोखणारा पहिला प्रायमर), सरफेसर (घासून सपाट करायचा प्रायमर), बेस (मुख्य रंग), क्लिअर (वरचा पारदर्शक थर) धरून ती सहज २५० ते ३०० वर जाते. एका फटीला दोन कडा असतात, म्हणजे अर्धा मिलिमीटर फट रंगच खातो. शिवाय बिजागरीखाली रंग बसला की दार थोडं सरकतं. म्हणून कोऱ्या पत्र्यावर फट ३ मिलिमीटर ठेवून खूश होऊ नका, ५ ठेवा. हादरणाऱ्या डिझेल गाडीत दाराची कड खांबाला नुसती टेकली तरी तिथला रंग महिन्याभरात पिठासारखा झडतो.

मग सुटी करा. फोटो काढणं, पिशव्यांवर नावं लिहिणं हे तुम्ही करालच, त्यावर जास्त लिहीत नाही. एकच सांगतो: बॉडी आणि चेसीच्या मधल्या प्रत्येक माउंटिंगखाली उंची जुळवायला घातलेल्या किती पट्ट्या आहेत, कुठल्या जाडीच्या आणि कुठल्या बाजूला, हे कागदावर तर लिहाच, पण त्या पट्ट्या तारेत ओवून त्याच माउंटिंगच्या बोल्टला बांधून ठेवा. दारांच्या फटी या पट्ट्यांवरच उभ्या आहेत.

चेसी आपल्या भागातल्या भंगारातून घेतली असेल तर तिने कृष्णेचं पाणी पाहिलेलं असण्याची शक्यता मोठी आहे. २००५, २०१९, २०२१, प्रत्येक पुरानंतर बुडालेल्या गाड्या बाजारात आल्या. पुराचं पाणी ओसरतं, गाळ ओसरत नाही. चेसीचे जे भाग बंद पेटीसारखे आहेत, त्यांच्या निचऱ्याच्या भोकात जाड तार घालून फिरवा. तारेच्या टोकाला करडा, लोण्यासारखा मऊ चिखल आला तर समजा की आत गाळ आहे, आणि तो वर्षानुवर्षं ओल धरून बसलेला आहे. चेसी उभी-आडवी करत लाकडी हातोडीने ठोका, प्रेशरच्या पाण्याने धुवा, कंप्रेसरच्या हवेने वाळवा, मग चार-पाच दिवस उन्हात ठेवा. बाहेरून कितीही भारी रंग दिला तरी आतून कुजणारी चेसी तो वाचवत नाही. सगळं काम संपल्यावर या पोकळ भागांत पातळ मेणाचं गंजरोधक नळीने मारा. ते शेवटी मारायचं, कारण त्याचा एक थेंब रंगाच्या जागेवर पडला तर तिथे रंग धरणार नाही.

चेसी, ॲक्सल, ब्रॅकेट यांना पावडर कोटिंग उत्तम. कुपवाडच्या बाजूला ते करणारे आहेत. पण पावडरची भट्टी १८० ते २०० अंशांवर चालते. रबरी बुश, सील, बेअरिंग आधी काढलेले हवेत, आणि ज्या भागात लांबी भरली आहे तो भाग भट्टीत जाता कामा नये, लांबी फुगते. आटे, बुशच्या जागा, ड्रमची बैठक आणि अर्थिंगचे पॉइंट यांना उष्णता सोसणारी टेप लावून घ्यायला सांगा. सांगितलं नाही तर कामगार सगळं एकसारखं झाकून टाकतो. दिसायला छान दिसतं, पण जोडताना प्रत्येक बोल्ट अडतो.

आता प्रायमरच्या प्रश्नाकडे. काळ्या प्रायमरवरच्या त्या हॉट रॉड मलाही आवडतात. पण त्या पळत होत्या दक्षिण कॅलिफोर्नियात, म्युरॉक आणि एल मिराज यांसारख्या सुकलेल्या तळ्यांच्या कोरड्या पात्रांवर. पोरं जुनी फोर्ड घ्यायची, वजन कमी करायला मडगार्ड काढून टाकायची, इंजिनावर पैसा घालायची आणि रंग पुढे कधीतरी म्हणून सोडून द्यायची. या शर्यतींचे नियम बांधण्यासाठी तिथल्या क्लबांनी १९३७ मध्ये संघटना काढली, इतकं ते वेड पसरलं होतं. तिथे पाऊस जवळपास नाही, म्हणून प्रायमर टिकला. सरफेसर प्रायमर हा सच्छिद्र असतो आणि पाणी पितो. सांगली-मिरजेत पाऊस बेताचा असला तरी नदीकाठची ओल आहे, आणि तुम्ही गाडी घेऊन साताऱ्याच्या पश्चिमेला, कोयनेकडे किंवा महाबळेश्वरच्या घाटात गेलात तर एका पावसाळ्यात प्रायमरखालून तांबूस ठिपके वर येतील. तुम्हाला तोच मंद काळा दिसायला हवा असेल तर खाली पूर्ण काम करा आणि वर मॅट क्लिअर किंवा मॅट टॉपकोट मारा. फक्त हे लक्षात ठेवा की मॅटला नंतर घासून पॉलिश करता येत नाही. एक ओघळ आला, एक माशी बसली, तर तो अख्खा पॅनल पुन्हा मारावा लागतो. पहिल्या गाडीसाठी मी मॅट सुचवणार नाही.

रंगाची निवड तुमची. एवढंच म्हणेन की हाताने वाकवलेल्या पत्र्याला चकचकीत काळा देऊ नका, तो प्रत्येक लाट दाखवतो. मेटॅलिकमध्ये सुट्या रंगवलेल्या भागांची छटा एकमेकांशी जुळवणं अवघड असतं. क्रीम, फिका निळा, विटकरी असा साधा सॉलिड रंग या गाडीला शोभेल आणि पुढे टचअपही सोपा जाईल.

खरं काम रंगाच्या खाली आहे. कोरा पत्रा आधी घासून, पुसून, त्यावर एपॉक्सी प्रायमरचे दोन हात. पत्रा उघडा पडला की त्याच दिवशी एपॉक्सी, रात्रभर ठेवायचा नाही. मोकळ्या पत्र्यावर हात लावला तरी दुसऱ्या दिवशी बोटांचे ठसे गंजाने उमटतात. सॅंड ब्लास्टिंग चेसीला चालेल, बॉडीच्या पातळ पत्र्याला नको. वाळूच्या माऱ्याने आणि उष्णतेने पत्रा ताणला जातो आणि सपाट पॅनल ढोलासारखा वर-खाली व्हायला लागतो.

लांबी एपॉक्सीच्या वर भरा, पत्र्यावर थेट नको. एपॉक्सी वाळल्यावर १८० च्या पेपरने खरखरीत करून मग. लांबीची जाडी २-३ मिलिमीटरच्या वर जात असेल तर थांबा आणि पत्र्यावर परत डॉली (पत्र्यामागे धरायचा लोखंडी ठोकळा) आणि हातोडी घ्या. जिथे ठोकून काम होतं तिथे लांबी भरणं म्हणजे पुढच्या वर्षीच्या तड्याची सोय करणं. हार्डनर वजनाने साधारण २ टक्के. थंडीत लवकर वाळावी म्हणून जास्त हार्डनर घालायची सवय खूप जणांना आहे. त्याने लांबी ठिसूळ होते, आणि फिक्या रंगातून काही आठवड्यांनी पिवळट-तपकिरी डाग वर येतात. ते डाग घासून जात नाहीत, सगळं उतरवावं लागतं.

आपल्याकडे अजून एक सवय आहे आणि ती सोडायला हवी, ती म्हणजे लांबीवर पाणी मारून वॉटर पेपरने घासणं. धूळ उडत नाही, काम गुळगुळीत दिसतं, म्हणून सगळे करतात. पण लांबी पाणी शोषते. वरून कोरडी वाटते, आत ओल राहते, वर सरफेसर आणि रंग बसतो, आणि पुढच्या उन्हाळ्यात बोनेट तापलं की त्या ओलीला बाहेर यायला वाट हवी असते. रंगावर फोड येतात ते त्यातूनच. लांबी कायम कोरडी घासा, तोंडाला धुळीचा मास्क लावून. पाणी वापरायचंच असेल तर ते फक्त शेवटच्या सरफेसरवर, ४०० च्या पुढच्या पेपरला, आणि तेही नंतर पूर्ण वाळवून.

घासायला हातात पेपर धरू नका. हात बोटांच्या दाबाने खोबणी पाडतो. हातभर लांब, सरळ लाकडी पट्टी घ्या, तिला पेपर चिकटवा आणि तिरकी फिरवा, एकदा या दिशेने, एकदा त्या. ८० ने आकार, १८० ने खुणा काढायच्या. मग सरफेसरचे दोन-तीन जाड हात. तो वाळला की काळ्या स्प्रेच्या डब्याने लांबून नुसता शिडकावा करा, पूर्ण झाकायचं नाही. परत पट्टी फिरवली की उंचवट्यावरचा काळा लगेच निघतो आणि खड्ड्यातला राहतो. जिथे काळा राहिला तिथे खड्डा आहे, त्यात वाद नाही. काळा जाईपर्यंत खाली घासत बसू नका, नाही तर कडेचा पत्रा उघडा पडेल. तिथे पुन्हा सरफेसर द्या. ३२० ने एक फेरी, ४०० किंवा ६०० ने शेवटची.

डोळ्यांवर विसंबू नका. हातात सुती मोजा घाला, तळवा पूर्ण टेकवा आणि कोपरापासून हात लांब फिरवा. बोटांच्या टोकांना बारीक खरखर कळते, लाट कळते ती तळव्याला. त्यानंतर पॅनल पाण्याने ओला करून एक ट्यूबलाइट आडवी धरा आणि तिचं प्रतिबिंब दारावरून चालवा. ओळ सरळ जायला हवी. जिथे ती वाकते, तिथे खूण करा. ही तपासणी कंटाळा येईपर्यंत करा, कारण क्लिअर मारल्यावर तुम्हाला जे दिसणार आहे ते हेच, फक्त तेव्हा दुरुस्त करता येणार नाही.

आता दिवाळी आणि घरची शेड. एपॉक्सी आणि सरफेसर हवा बघून मारता येतो. आर्द्रता ८५ टक्क्यांच्या वर असेल तर गन हातात घेऊ नका. पत्र्याचं तापमान दवबिंदूपेक्षा किमान ३ अंश वर हवं. थंडीत पहाटे पत्रा हवेपेक्षा गार असतो, त्यावर डोळ्यांना न दिसणारं दव असतं आणि रंग त्यावर बसतो. म्हणून डिसेंबरात अकरानंतर मारा. एप्रिल-मेमध्ये याच्या उलट. दुपारी चाळिशीच्या आसपास पारा असताना गनमधून निघालेला रंग पत्र्यावर पोचेपर्यंत अर्धा वाळतो आणि खरखरीत बसतो. तेव्हा सकाळी लवकर, आणि थिनर उन्हाळ्याचा, हळू उडणारा.

आपल्या भागात अजून एक गोष्ट आहे जी रंगाच्या डब्यावर लिहिलेली नसते. साखर कारखान्यांचे बॉयलर पेटले की हवेत काजळी येते, आणि ऊस गेला की रानात पाचट जळतं. सकाळी गच्चीवर काळ्या पापुद्र्यांचा सडा पडलेला असतो तो तुम्ही बघतच असाल. ओल्या क्लिअरवर तो एक पापुद्रा बसला तर उचलताना चुरगळतो आणि काळी रेघ सोडून जातो. दिवाळीच्या आसपासच हंगाम सुरू होतो. म्हणजे उघड्या शेडमध्ये शेवटचे हात मारण्यासाठी तुम्ही निवडलेला काळ नेमका चुकीचा आहे. शेड प्लॅस्टिकने बंद केली तर काजळी थांबेल, पण मग आत वाफा कोंडतील, आणि ते काजळीपेक्षा फार वाईट.

हा भाग नीट वाचा. टू-के (हार्डनर मिसळून मारायच्या) रंगाच्या आणि क्लिअरच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं. गनमधून उडणाऱ्या तुषारांतून ते फुप्फुसात जातं, त्वचेतूनही जातं. रुमाल, कापडी मास्क, डॉक्टर वापरतात तो मास्क, यांनी ते अजिबात थांबत नाही. त्याला ठळक वास नसतो, त्यामुळे मास्कमधलं गाळणीचं कार्ट्रिज संपलं हेही कळत नाही. यासाठी बाहेरून स्वच्छ हवा पुरवणारा मास्क लागतो, पूर्ण अंगाचा सूट आणि हातमोजे लागतात. एकदा शरीराने त्याची ॲलर्जी धरली की पुढे आयुष्यभर थोड्याशा वाफेनेही दम्याचा झटका येऊ शकतो. उत्तम हात असलेले पेंटर या एका कारणाने धंदा सोडून बसलेले मी पाहिले आहेत. तुमच्या शेडला लागून स्वयंपाकघर आहे, घरात आईवडील आहेत, लहान मुलं आहेत. त्यांच्याकडे तर मास्कही नसणार. म्हणून माझं स्पष्ट मत: बेस आणि क्लिअर घरी मारायचा नाही. एपॉक्सी आणि सरफेसर मारतानाही त्या डब्यातल्या हार्डनरवर काय लिहिलंय ते वाचा, उघड्यावर मारा, घरातल्यांना लांब पाठवा.

तुमची घासाई पूर्ण करा, बॉडी लाकडी ट्रॉलीवर बांधून पिकअपमध्ये टाका आणि सांगली-मिरज-कुपवाडमध्ये ज्यांच्याकडे बंद बूथ आहे त्यांच्याकडे शेवटचे हात मारून घ्या. तयारीचं काम घरी झाल्यामुळे खर्च बराच वाचेल, कारण रंगकामात पैसा मजुरीत जातो. आधीच बोलून ठेवा की घासाई माझी आहे, तुम्ही ती उघडून बघा, पटली तरच मारा. चांगला पेंटर बघून दोन ठिकाणी परत घासायला सांगेल. ते ऐका.

तरीही प्रायमर स्वतः मारणार असाल तर गनचं थोडं. सरफेसरला १.७ किंवा १.८ चं नोझल, बेस-क्लिअरला १.३ किंवा १.४. एचव्हीएलपी (जास्त हवा, कमी दाबाच्या) गनला मिनिटाला १० ते १४ घनफूट हवा लागते, आणि घरचा १ एचपीचा कंप्रेसर त्याच्या जेमतेम तिसरा हिस्सा देतो. मारता मारता दाब पडतो आणि रंग गनमधून थुंकल्यासारखा येतो. लहान कंप्रेसर असेल तर कमी हवा खाणारी गन घ्या आणि एका वेळी एकच भाग मारा. पाण्याचा ट्रॅप कंप्रेसरला चिकटून नको, चार-पाच मीटर लोखंडी पाइपनंतर लावा, हवा गार झाल्याशिवाय तिच्यातलं पाणी वेगळं होत नाही. अंतर एक वीत, प्रत्येक पट्टा आधीच्या पट्ट्यावर निम्मा. दोन हातांच्या मध्ये डब्यावर लिहिलेला वेळ पूर्ण द्या. आणि शेडमध्ये डॅशबोर्ड किंवा टायर चमकवायचे स्प्रे ठेवूच नका. त्यातलं सिलिकॉन हवेतून पत्र्यावर बसतं आणि रंगाला गोल गोल भोकं पडतात.

दसऱ्याला करडा प्रायमर लावलेल्या गाडीचीच पूजा करा आणि दिवाळीचं डोक्यातून काढून टाका. घाईने तीन महिन्यांचं घासलेलं वाया जातं.

आता जोडणी. इथे बहुतेकांचा धीर संपतो. रंग झाला, घरचे विचारायला लागतात कधी चालू होणार, आणि माणूस पाने घेऊन सुटतो. क्लिअर बोटाला कडक लागला तरी आतून पक्का व्हायला वेळ घेतो. निदान दोन आठवडे बॉडीला हात लावू नका, तोपर्यंत चेसीचं काम करा.

चेसीवर क्रम असा ठेवा: सस्पेन्शन, ब्रेकच्या नळ्या, डिझेलच्या नळ्या, मग इंजिन-गिअरबॉक्स. बॉडी चढवायच्या आधी इंजिन चालू करा आणि ब्रेक ब्लीड करून (नळ्यांतली हवा काढून) घ्या. ब्रेक ऑइल रंग खातं, अक्षरशः काही मिनिटांत सुरकुत्या आणतं. पडलंच तर फडक्याने चोळू नका, भरपूर पाणी ओता. बॉडी बाजूला असताना ब्लीडिंग झालं की ही भीतीच उरत नाही. डिझेल लाइन मोकळी केल्यामुळे इंजिनाने एअर धरलेली असणार. हँड प्रायमरने (डिझेल ओढायच्या छोट्या हातपंपाने) फिल्टरपासून पंपापर्यंत क्रमाने एअर काढा, नुसता स्टार्टर मारत बसू नका.

रंग किंवा पावडर बसलेल्या आट्यांतून बोल्ट जोराने फिरवू नका. टॅप (आटे कापायचं हत्यार) फिरवून आटे साफ करा. पण टॅप हाताने, हलक्याने, नाही तर आट्याचं लोखंडच जातं.

यापुढचं सगळ्यात महत्त्वाचं. जिथे दोन लोखंडी भाग दाबून बसतात आणि भार घेतात, तिथे मधे रंग नको. चाकाच्या रिमची मागची बाजू, हबचा चेहरा, नट बसतात त्या उतरत्या बैठका, स्टिअरिंग बॉक्सची चेसीवरची जागा, स्प्रिंगच्या यू-बोल्टखालची पट्टी. रंग हा मऊ असतो. पाना लावून तुम्ही नट घट्ट करता, तेव्हा पान्याला लागणारा जोर रंग दाबण्यात जातो. गाडी चालली, गरम झाली, रंग हळूहळू बाजूला सरकला, की तोच नट हाताने फिरेल इतका सैल होतो. रिम सुंदर रंगवून घेतलेल्या आणि चाक डगमगायला लागलेल्या गाड्या गॅरेजला येतात त्याचं कारण बहुतेक वेळा हेच असतं. या जागा टेप लावून मोकळ्या ठेवा, आणि राहिल्या असतील तर घासून उघड्या करा. गंजाची काळजी असेल तर ग्रीसचा पुसट हात.

दुसरी तशीच गोष्ट अर्थिंगची. सुंदर रंगवलेली बॉडी, रंगवलेली चेसी, रबरी माउंटिंगवर इंजिन. तिन्हींमध्ये विजेला परतीची वाट कुठे आहे? डिझेलचा स्टार्टर शेकडो अँपिअर ओढतो. त्याला मोकळी वाट मिळाली नाही तर तो करंट जी वाट मिळेल तिने परततो, ॲक्सिलरेटरच्या केबलमधून, गिअरच्या दांड्यातून. केबल तापते, आतलं प्लॅस्टिक वितळतं. लक्षण असं की स्टार्टर जड फिरतो, हेडलाइट लावले की इंडिकेटर मंद होतात, आणि माणूस नवी बॅटरी घेऊन येतो. बॅटरी ते चेसी, चेसी ते इंजिन, चेसी ते बॉडी अशा तीन जाड पट्ट्या हव्यात, प्रत्येकीखाली रुपयाएवढी जागा चकचकीत घासलेली, दातेरी वॉशर, आणि घट्ट केल्यावर वरून ग्रीस.

बॉडी चढवताना चार माणसं पुरतात, पण पट्ट्याचं बकल, अंगठ्या, घड्याळं, खिशातल्या किल्ल्या आधी काढून ठेवायला सांगा. चेसीवर समोरासमोरच्या दोन माउंटिंगमध्ये बोल्टऐवजी वीतभर लांब, डोकं नसलेले स्टड उभे करा. बॉडी त्यांच्यावरून सरळ खाली येते, भोक शोधण्यासाठी पुढे-मागे ओढावी लागत नाही. ओढाओढीतच रंग जातो. खाली रबरी पॅड नवे घाला. जाड कन्व्हेयर बेल्टचे तुकडे या कामाला छान चालतात. तारेत ओवलेल्या त्या पट्ट्या आता आपापल्या जागी. आधी सगळे बोल्ट हाताने, दारं लावून फटी बघा, मगच घट्ट करा.

बॉडीवर उघडा पाना वापरू नका, सॉकेट वापरा. बोल्टच्या डोक्याखाली नायलॉनचा पातळ वॉशर ठेवला तर रंगाला पीळ बसत नाही. काच बसवताना रबरात दोरी घाला, साबणाचं पाणी लावा, आणि काम सकाळच्या उन्हात करा म्हणजे रबर मऊ राहील. नायलॉक नट (आत नायलॉनची कडी असलेले) एकदा काढले की टाकून द्या. स्टिअरिंगच्या प्रत्येक जोडाला नवी स्प्लिट पिन. सस्पेन्शनच्या रबरी बुशचे बोल्ट गाडी चाकांवर उभी असताना, पूर्ण वजन आल्यावर घट्ट करा. जॅकवर असताना केले तर बुश कायम पिळलेला राहतो आणि लवकर फाटतो.

पहिली फेरी रानातल्या रस्त्याने, हळू. परत आल्यावर गार होऊ द्या आणि चाकाचे नट, यू-बोल्ट, बॉडीचे माउंटिंग, स्टिअरिंग बॉक्स पुन्हा पान्याने तपासा. ५० किलोमीटर झाल्यावर पुन्हा एकदा. दुसऱ्या वेळी कुठलाच नट सरकला नाही तर जोडणी बसली.

क्लिअरवर दोन महिने वॅक्स नको, कव्हर टाकून ठेवणं नको, रंगावर टेप नको. आणि पूजेचं एक: ताज्या क्लिअरवर ओलं हळद-कुंकू लावलं तर डाग धरतो, पॉलिशने निघत नाही. स्वस्तिक पुढच्या काचेवर काढा, बोटं काचेवर आणि टायरला ओढा. हार बोनेटवर बांधणार असाल तर त्यातली तार आधी काढून घ्या.